शिफारस क्रमांक दोन

२२ नोव्हेंबर, बुधवार

फिनलंड याही वर्षी माझ्याकडेच. सातवं वर्ष.

विभागप्रमुख ग्रासाने सकाळी वाटप वाचून दाखवलं — कुणाला स्लोव्हेनिया, कुणाला माल्टा — आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मेर्वी, तुझं तेच. रोजगार आणि समाजकल्याणाचं प्रकरण. वीस पानं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर."

वेळापत्रक ठरलेलं. मार्चमध्ये प्रत्येक देशावर युरोपीय आयोगाचा अहवाल. मेमध्ये त्या देशाला तीन-चार शिफारशी, प्रत्येक दोन-तीन ओळींची. मग सगळ्या देशांच्या समितीत त्या दोन ओळींवर घासाघीस, आणि जुलैत मंत्र्यांचा शिक्का. लोक विचारतात, ब्रसेल्समध्ये काय करतेस? मी म्हणते, आकडेवारी. सोपं पडतं.

संध्याकाळी फिनलंडहून इल्पोचा फोन. थोरला भाऊ दर बुधवारी फोन करतो, राइया गेल्यापासून जरा जास्तच नेमाने. वहिनीला जाऊन आता तीन वर्षं होतील. हवा, बर्फ, गाडीचे टायर. मग शेवटी, ठेवता ठेवता, "तीन नंबरच्या मशीनबद्दल काहीतरी शिजतंय."

अकरा वर्षं तो कागदाच्या कारखान्यात कामगारांचा प्रतिनिधी आहे. "काहीतरी शिजतंय" असं तो उगाच म्हणत नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

शिजलं. कागदाला मागणी नाही, तीन नंबरचं मशीन पुढच्या उन्हाळ्यात बंद. ऐंशीच्या वर माणसं कमी करणार. वाटाघाटी जानेवारीपासून. रीक्का त्याच मशीनवर आहे — इल्पोची मुलगी, वय तेहतीस, पदरात सहा वर्षांची हेल्मी.

११ डिसेंबर, सोमवार

इल्पोने आज सगळं समजावून सांगितलं, मीच काही माहीत नसल्यासारखं. मीही ऐकून घेतलं.

"साधं आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांनी नळीत जायचं. पोरांच्या जागा राहतात."

नळी हा शब्द तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकोणसाठ पूर्ण झालेल्याला कामावरून कमी केलं, की त्याचा बेकारीभत्ता संपायच्या आत तो एकसष्टचा होतो, आणि एकसष्टच्या माणसाला तोच भत्ता पेन्शनपर्यंत मिळत राहतो. एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने थेट पेन्शनीत. मधे कुणी काही विचारत नाही. कंपनी खूश, युनियन खूश, माणूस घरी.

"कंपनीने यादी उघडलीये. वयाची अट नाही, स्वतःहून नावं द्यायची, गुप्त, थेट कचेरीत. मलाही कळणार नाही कोण ते," इल्पो म्हणाला. "मी सप्टेंबरात एकोणसाठ. तोवर थांबायला ते तयार आहेत. मी गेलो की रीक्काची जागा पक्की."

मी "बरं" म्हटलं.

मी सहा वर्षं लिहिते आहे की ही नळी बंद करावी.

१५ जानेवारी, सोमवार

नवे आकडे आले. दिवसभर त्यांच्यातच.

माझं म्हणणं जुनंच आहे आणि आकडे ते आणखी पक्कं करतात. अठ्ठावन्नपर्यंत फिनलंडची माणसं शेजाऱ्यांइतकीच काम करतात. एकोणसाठला आलेख कड्यावरून पडल्यासारखा पडतो. हे काही गुडघे अचानक दुखायला लागल्यामुळे नाही. नियमामुळे. कंपन्यांना कुणाला काढायचं हे त्या नियमानेच सांगून ठेवलंय. आत गेलेले परत कामावर येतात का? जवळजवळ कुणीच नाही.

एक चौकट करायची ठरवली आहे, अर्ध्या पानाची. आलेखासकट. चांगली होईल.

१६ जानेवारी

बाबा डोक्यात आले. त्यांनाही छप्पन्नाव्या वर्षी असंच घरी पाठवलं होतं, तेव्हाच्या नियमाने. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेले. कारखान्याचा भोंगा झाला की घड्याळ बघायचे, बरोबर आहे का पाहायला. मी तेव्हा विद्यापीठात होते, सुट्टीत घरी यायचे. दर सुट्टीत ते थोडे लहान झालेले असायचे.

हे चौकटीत लिहिता येत नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

वीस पानं ग्रासाच्या टेबलावर. तिने उभ्याउभ्या चौकट वाचली. "ही सगळीकडे उचलली जाणार," म्हणाली. कौतुकानेच.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जेवायला गेल्यावर सांगितलं. कँटीनमध्ये, सुपाचा वाडगा पुढ्यात ठेवून — माझा भाऊ, त्याचा कारखाना, सप्टेंबर, रीक्का. म्हटलं, हे प्रकरण दुसऱ्या कुणाला दे.

ग्रासा पोर्तुगीज आहे. आधी बरंच सूप संपवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे कर्जसंकटाच्या वर्षांत ब्रसेल्सहून जे लोक आले होते ना, त्यांच्या बॅगेत तुझ्यामाझ्यासारख्याच कुणाचा तरी मसुदा होता. माझी आई नर्स. तिचा पगार कापला, मग सुट्ट्या कापल्या, मग तिच्या वॉर्डातली एक जागा कापली. तिने मला विचारलं, हे लिहितं कोण? मी म्हटलं, माहीत नाही. म्हणून मी इथे आले."

"मग?"

"मग काही नाही. लिहिणारी माणसंच असतात. त्यांना भाऊ असतात. तू लेखी कळव, मी त्यावर सही करते. प्रकरण तुझ्याकडेच राहील. तू गाळलंस तर पुढचा ते लिहीलच — फक्त तुझ्यापेक्षा वाईट लिहील." मग म्हणाली, "तुला ते खरं वाटतं ना?"

"वाटतं."

"झालं तर."

६ फेब्रुवारी

लेखी कळवलं. चार ओळी. तिने सही केली. फाइलीत गेलं.

चौकटीखाली एक परिच्छेद वाढवला — नळी बंद करायची तर सावकाश, दाराशी पोचलेल्यांना मुदत द्या, आणि पन्नाशीनंतर नवं काम शिकायची खरीखुरी सोय आधी उभी करा, मग दार लावा. ग्रासाने तो ठेवला.

७ मार्च, बुधवार

अहवाल निघाला. सत्तावीस-अठ्ठावीस देश, एकाच दिवशी. दुपारपर्यंत हेलसिंकीच्या दोन मोठ्या वर्तमानपत्रांत माझा आलेख. खाली "स्रोत: युरोपीय आयोग". माझा परिच्छेद कुठेच नाही.

आज बुधवार. इल्पोचा फोन आला नाही.

९ मार्च, शुक्रवार

हेलसिंकीहून एका मंत्रालयातल्या गृहस्थांचा फोन. नाव इथेही लिहीत नाही. सभ्य माणूस, नेहमी हवामानाने सुरुवात करतात.

"चौकट उत्तम आहे," म्हणाले. "मेच्या शिफारशीत हेच येईल ना?"

"ठरायचंय."

"आलं तर बरं. जरा स्पष्ट शब्दांत आलं तर आणखी बरं. गेल्या वेळी तुम्ही 'विचार करावा' असं म्हटलं होतं. 'बंद करावेत' असं म्हटलं तर आम्हाला इकडे हलता येईल."

मी विचारलं, "मग तुम्हीच का नाही म्हणत?"

ते हसले. "आम्ही म्हटलं की युनियन रस्त्यावर येते. तुम्ही म्हटलं की आम्ही नाइलाजाने मान डोलावतो."

त्यांनी काही लपवलं नाही. उलट विश्वासाने सांगितलं. फोन ठेवल्यावर मी उगाचच टेबल आवरलं.

१४ मार्च

इल्पोचा फोन आला. मागच्या बुधवारी बैठक लांबली होती म्हणे. टायरबद्दल बोलला.

२४ मार्च

गावच्या वर्तमानपत्रात इल्पोची मुलाखत. इंटरनेटवर वाचली. फोटोत त्याने तोच राखाडी स्वेटर घातलाय, कोपराला ठिगळ लावलेला.

"ब्रसेल्समधल्या ज्या कारकुनाने हे लिहिलं, त्याने जन्मात एकदा तरी रात्रपाळी केली आहे का?"

केली आहे. दोन उन्हाळे, एकोणिसाव्या आणि विसाव्या वर्षी. दोन नंबरच्या मशीनवर. तूच लावून दिली होतीस.

३१ मार्च, शनिवार

ईस्टरसाठी घरी. तळं अजून गोठलेलं, कडेला काळपट. रीक्काने राय नावाच्या धान्याची काळी खीर आणली होती, वर मलई. हेल्मी मलई खाते, खीर बशीत ठेवते. रीक्काही लहानपणी असंच करायची.

रीक्का आणि मी सोनात, वाफेच्या खोलीत, बसलो. ती फारसं बोलत नाही. शिफ्टबद्दल विचारलं, म्हणाली, "चाललंय." हेल्मीच्या शाळेबद्दल विचारलं, तेव्हा खुलली. ऑगस्टपासून शाळा. दप्तर आत्ताच घेऊन ठेवलंय, त्यावर कोल्हा आहे. मी म्हटलं, "तुझा बाबा सगळं नीट जुळवून आणतोय तुझ्यासाठी." तिने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफेत काही दिसलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात इल्पो आणि मी. तो कॉफी करत होता. मी बाबांचा विषय काढला — खिडकी, घड्याळ.

तो वळून बघायलाच लागला. "काय बोलतेस? बाबांची सगळ्यात चांगली वर्षं ती. रोज पहाटे जाळी टाकायला जायचा. मला होडी बांधायला त्यानेच शिकवलं. त्याआधी तीस वर्षांत मी त्याला उजेडात बघितला नव्हता."

"मी आले की तो खिडकीशीच असायचा."

"तू येणार म्हणून बसायचा, मेर्वी. बस कधी येते ते बघत."

कॉफी उतू गेली. त्याने पुसली. आकडे बदलत नाहीत. बाबा बदलले.

त्याला चौकटीच्या त्या पानाबद्दल सांगणार होते. सांगितलं नाही.

२ एप्रिल

विमानात पूर्ण वेळ शिफारशीचा मसुदा. क्रमांक दोन. दोन अर्ध्यांचं एक वाक्य केलं — पहिला अर्धा: लवकर बाहेर पडण्याचे मार्ग बंद करावेत. दुसरा अर्धा: सोबत वयस्क कामगारांसाठी प्रशिक्षण आणि पुरेसा संक्रमणकाळ द्यावा. मधे अर्धविराम ठेवला नाही, मुद्दाम. एकच वाक्य असलं की तोडायला जड जातं.

१२ एप्रिल, गुरुवार

मेपर्यंत कुणी थांबलंच नाही. हेलसिंकीत सरकारने जाहीर केलं: वर्षअखेरीनंतर जे एकसष्टचे होतील त्यांना नळीत प्रवेश नाही. पत्रकार परिषदेत मंत्री म्हणाले, "युरोपीय आयोगाचंही हेच म्हणणं आहे." मागे पडद्यावर माझा आलेख. रंग बदललेले.

कायदा अजून व्हायचाय. पण घोषणा पुरेशी असते.

१३ एप्रिल

इल्पोचा फोन, बुधवार नसताना. आवाज शांत.

"नावं मागे घेताहेत," म्हणाला. "कचेरीतली बाई सांगत होती — कोण ते नाही, किती ते. बारा गेली कालपासून. लोकांना भीती की आत्ता काम सोडलं आणि पुढे दारच लागलेलं असलं तर? ना इकडचे ना तिकडचे."

"आणि तू?"

"माझं काय. सप्टेंबरात एकोणसाठ, म्हणजे एकसष्ट कधी? त्याआधीच दार बंद. मी राहतोय कारखान्यात." मग म्हणाला, "म्हणजे आता शेवटी लागलेले आधी जाणार. रीक्का शेवटच्या विसांत आहे."



२० एप्रिल, शुक्रवार

ग्रासाला विचारलं, शिफारशीतून पहिला अर्धा आता काढता येईल का. सरकारने घोषणा केलीच आहे, मग कशाला सांगायचं?

"घोषणा म्हणजे कायदा नव्हे, तूच शिकवतेस सगळ्यांना," ती म्हणाली. बरोबर आहे. मीच शिकवते. "दुसऱ्या अर्ध्यासाठी भांड. ते तुझ्या हातात आहे."

तेवढं करते आहे.

८ मे

भांडते आहे.

२३ मे, बुधवार

शिफारशी जाहीर. क्रमांक दोन, दोन्ही अर्धे शाबूत. "पुरेसा संक्रमणकाळ" आहे. तो शब्द वाचवायला तीन बैठका लागल्या. कुणाला सांगितलं तर हसतील.

संध्याकाळी इल्पोचा फोन यायच्या आत मीच लावला. आता नाही तर कधीच नाही असं वाटलं.

"ते मार्चमधलं पान," मी म्हटलं. "नळीचं. आलेख. ते मी लिहिलं. आजचं वाक्यही मीच लिहिलंय. सात वर्षं मीच लिहिते."

पलीकडे रेडिओ चालू होता. त्याने तो बंद केला.

"त्यावर कुणाचं नाव नाहीये," तो म्हणाला.

"नाव नसतं."

"मग कशाला सांगतेस?"

"तुला माहीत असावं म्हणून."

"तुला खरं वाटतं ते? जे लिहिलंस?"

"हो." मग म्हटलं, "बरंचसं."



"सांगून तू मोकळी झालीस," तो म्हणाला. "आता मी हे कुठे ठेवू? मला उद्या सकाळी ऐंशी माणसांसमोर उभं राहायचंय."

त्याने फोन आपटला नाही. "बरं, झोप," म्हणाला, नेहमीसारखा. सात वाजले होते. लख्ख ऊन होतं.

३० मे, बुधवार

फोन नाही.

६ जून, बुधवार

समिती. लांब टेबल, प्रत्येक देशाच्या नावाची पाटी, कानात दुभाषे. फिनलंडचा नंबर साडेअकराला. मी भिंतीकडेच्या रांगेत, ग्रासाच्या मागे.

एका देशाच्या प्रतिनिधीने म्हटलं, शिफारशी आखूड असाव्यात, दुसरा अर्धा प्रास्ताविकात हलवावा. दोघांनी पाठिंबा दिला. फिनलंडच्या पाटीमागे माझे हवामानवाले गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं, तुमचं काही म्हणणं? ते म्हणाले, "आमची हरकत नाही."

ग्रासाने हात वर केला. ती चांगली बोलली. मी इतक्या वर्षांत तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं, कागद न बघता. म्हणाली, "दार लावायला एक वाक्य पुरतं. दुसरी खोली बांधायला वेळ लागतो. ती कुठे आहे हे तुम्ही मंत्र्यांना सांगणार नसाल, तर निदान खोली हवी एवढं तरी वाक्यात राहू द्या."

अध्यक्षांनी आभार मानले. दुसरा अर्धा प्रास्ताविकात गेला, परिच्छेद अकरा. प्रास्ताविक कोण वाचतं? फिनलंडला साडेअकरा ते बारा अशी वेळ दिलेली होती. पुढच्या देशाचं बरोबर बाराला सुरू झालं.

बाहेर आल्यावर गृहस्थ भेटले. "अखेर जमलं," म्हणाले, आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. सवयीने.

ट्राममध्ये ग्रासा बाजूला बसली. तिचा रस्ता निराळा, तरी बसली. माझ्या स्टॉपपर्यंत एकदाच बोलली. "आईला मी अजून सांगितलेलं नाही, कोण लिहितं ते."

१३ जून, बुधवार

फोन नाही.

१४ जून, गुरुवार

यादी लागली. इल्पोने कळवलं नाही. वर्तमानपत्रातून कळलं — एक्याऐंशी माणसं, नावं अर्थात नाहीत. रीक्काला मेसेज केला. दोन तासांनी उत्तर: "मी आहे त्यात. ठीक आहे आत्या. नंतर बोलू."

ठीक आहे म्हणे.

बाबांच्या बाबतीत मी चूक आणि आकड्यांच्या बाबतीत बरोबर, असं एकाच वेळी असू शकतं का? असेल. पण रीक्का त्या दोन्हींत बसत नाही. आलेखात तिचा बिंदूच नाही. तो पंचावन्नपासून सुरू होतो. मी जे लिहिलं ते खरं होतं. त्याने एक एकोणसाठीला आलेला माणूस कामावर राहिला, आलेख म्हणतो तसाच. आणि एक तेहतीस वर्षांची बाई गेली.

१५ जून

ग्रासाला सांगितलं, पुढच्या वर्षी फिनलंड नको. तिने कारण विचारलं नाही. "माल्टा घेशील?" म्हणाली. मला हसू आलं. खूप दिवसांनी.

नंतर जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मी लिहून ठेवते फक्त. नोव्हेंबरात परत विचारेन."

२० जून, बुधवार

मीच लावला. इल्पोने उचलला. हवा, तळं, डास या वर्षी लवकर आलेत.

मग तो म्हणाला, "तुझं ते पूर्ण वाचलं. वीसच्या वीस पानं. शब्दकोश घेऊन बसलो होतो."



"चौकटीखालचा परिच्छेद," तो म्हणाला. "प्रशिक्षण, मुदत वगैरे. तो कुणी लिहिला?"

"मीच."

"तो कुठे गेला?"

"परिच्छेद अकरामध्ये."

"हं." मग म्हणाला, "आमच्याकडेही असंच करतात. चांगलं ते इतिवृत्तात घालतात." चमचा वाजला कपात. "रीक्काचं मी बघतोय. गोदामात एक जागा निघेल ऑक्टोबरात, मी बोललोय त्यांच्याशी. पोरीला मी असं सोडणार नाही. सरकारलाही सोडणार नाही. तुला तर नाहीच."

हे शेवटचं तो कसं म्हणाला ते मला नीट कळलं नाही. पण ठेवताना "बुधवारी बोलू" म्हणाला.

२२ जून, शुक्रवार

मध्य-उन्हाळ्याचा सण. कचेरीला सुट्टी नाही, इथे कुणाला माहीतही नसतो. बाल्कनीत बटाटे आणि खारवलेली हेरिंग मासळी खाल्ली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना थोडी दिली. त्यांनी वास घेऊन आभार मानले.

२५ जून, सोमवार

रीक्काचा फोन. मी लगेच "माझ्यामुळे" म्हणून सुरू केलं, तर तिने मधेच अडवलं. "आत्या, ऐक. यादीत नाव मीच दिलं होतं. फेब्रुवारीत. तुझं ते पान यायच्या आधी, सरकारच्याही आधी. तरुणांतलं पहिलं नाव माझं होतं, कचेरीतली बाई म्हणाली. मला त्या मशीनवर साठीला पोचायचं नव्हतं. ऑगस्टपासून शिकायला जातेय, हेल्मी आणि मी एकाच आठवड्यात. बाबा माझी जागा वाचवत बसला होता, त्याला मधेच कसं सांगू? आता तूही सांगू नकोस. गोदामाचं मी त्याला नाही म्हणेन हळूच. सरकारवर चिडायला मिळतंय म्हणून तरी तो सकाळी उठतोय."

मी म्हटलं, "नाही सांगणार." मग तिला हेल्मीला आणायला जायचं होतं.

ठेवल्यावर लक्षात आलं, काय शिकायला जाते ते मी विचारलंच नाही. परत लावला.